अपघातानंतर ‘आपसात मिटवण्या’आधी: भरपाईचा हक्क आणि पहिले सहा महिने

अपघात झाला की रस्त्यावर चार माणसे जमतात आणि सल्ला देतात, “दवाखान्याचे पाच-दहा हजार घ्या आणि मिटवून टाका. कोर्टकचेरी कशाला?” रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हाच सल्ला सर्वांत महाग पडतो. अपघाताची भरपाई ही गाडीमालकाची मेहेरबानी नाही, ती मोटार वाहन कायदा १९८८ नुसार मिळणारी हक्काची रक्कम आहे. मात्र हा हक्क दोन गोष्टींवर टिकतो: वेळेत तयार झालेले कागद आणि वेळेत दाखल झालेला दावा. कार्यकर्त्यांना वस्तीतल्या कुटुंबांना मदत करता यावी म्हणून आम्ही ही माहिती क्रमाने देत आहोत.

पहिले काही तास

जखमीचा जीव आधी. ११२ किंवा १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल करतानाच या योजनेची विचारणा करा.

रुग्णालयात “पडलो” असे सांगू नका. वाहनाचा अपघात आहे असे स्पष्ट सांगून एमएलसी नोंद करून घ्या. पुढे विमा कंपनीचा वकील सर्वांत आधी हीच नोंद पाहतो. शक्य असेल तर दोन्ही वाहनांच्या नंबरप्लेट, रस्ता आणि नुकसान यांचे फोटो काढा. पाहणाऱ्या दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या.

पोलीस ठाण्यातले काम

एफआयआर नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि तिची प्रत मोफत मिळते. नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. पुढील कागद मागून जपून ठेवा: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, वाहनाची विमा पॉलिसी, नोंदणी पुस्तक, चालकाचा परवाना आणि मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल.

पोलिसांनीही अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. पण त्यावर विसंबून घरी बसू नका.

दाव्याचे तीन मार्ग

पहिला, कलम १६६. समोरच्या चालकाची चूक दाखवून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही जिथे राहता तिथेही तो करता येतो. म्हणजे पुण्यात अपघात झाला तरी नांदेडचे कुटुंब नांदेडला दावा करू शकते. १ एप्रिल २०२२ पासून यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे, तरी त्याच्या भरवशावर राहू नका. फौजदारी खटल्याच्या निकालाचीही वाट पाहायची नाही. चालक तिथे निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा स्वतंत्रपणे चालतो.

दुसरा, कलम १६४. यात कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पण कलम १४९ च्या तडजोडीत ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो.

तिसरा, कलम १६१. धडक देऊन पळालेले वाहन सापडतच नसेल तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. तहसील कार्यालयात चौकशी करा.

हिशेब कसा होतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी मृत्यूच्या दाव्याचे सूत्र ठरवून दिले आहे. समजा २८ वर्षांचा गवंडी महिना १५,००० कमवत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के धरले की उत्पन्न २१,००० होते. चार जण अवलंबून असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की १५,७५० उरतात. वर्षाचे झाले १,८९,०००. या वयाचा गुणक १७, म्हणजे ३२,१३,०००. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. समोरून ५ लाखांचा कागद सहीसाठी आला तर आधी हा हिशेब मांडा.

पगारपत्रक नाही म्हणून दावा बुडत नाही. ठेकेदाराचा जबाब, हजेरी वही, बँक पासबुक, कामगार नोंदणी कार्ड चालते. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेते. गृहिणीच्या कामाचेही मोल धरले जाते. अपंगत्व आले असेल तर शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्या. किती टक्के अपंगत्व यापेक्षा त्यामुळे कोणते काम सुटले हे महत्त्वाचे असते.

टेम्पोतून जाताना

दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला मालवाहू टेम्पोतून जाणारे बांधव आजही आहेत. मालवाहू गाडीच्या विम्यात असे प्रवासी धरलेले नसतात. २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्या टेम्पोच्याच चुकीने अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि वसुलीसाठी फक्त मालक उरतो. आयोजकांनी प्रवासी परवान्याची गाडीच ठरवावी आणि निघण्याआधी विम्याची तारीख पाहावी.

वकील आणि मोफत मदत

रुग्णालयाच्या दारात एजंट भेटतात आणि कोऱ्या कागदांवर सह्या घेतात. सही करू नका. भरपाईत टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच महिला व मुलांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत जा. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

अपघातात माणूस गेलेल्या घरी आपण सांत्वनाला जातो. त्या घराला मुदतीचे भान राहत नाही, ते आपण ठेवावे. एफआयआरची प्रत मिळाली का ते विचारा आणि दाव्याची शेवटची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लिहून या.