खरवडलेल्या दंतमुळाची कैफियत
दातांवरचे कीटण काढण्याची विद्या प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत दंतशर्करा काढताना दंतमूलास इजा पोहोचू देऊ नये अशी ताकीद असून, नंतर त्या जागी लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे असा उपचार सांगितला आहे. इ. स. 1000 च्या सुमारास कोर्दोबाच्या अल-झहरावीने खरवडणीच्या हत्यारांच्या आकृत्याच आपल्या ग्रंथात दाखल केल्या. आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील हार्टफर्डच्या जॉन रिग्जने दात उपटण्यापेक्षा मुळे खरवडण्याचा असा आग्रह धरला की, पायोरिया काही काळ त्याच्याच नावाने ओळखला गेला.

पण खरवडलेल्या मुळाला हिरडी पुन्हा चिकटत का नाही, या प्रश्नाचा निकाल हत्याराने लागेना. रोगट मुळात जंतूंची विषे मुरलेली असतात, आणि घासल्यावर त्यावर दंतिनाच्या चुऱ्याचा सूक्ष्म लेप बसतो. 1965 साली मार्शल युरिस्टने क्षाररहित केलेले हाड स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड निर्माण होते असे दाखवले, तेव्हा हाच न्याय दाताला का लागू नये, अशा विचाराने रजिस्टर आणि बर्डिक या संशोधकांनी 1970 नंतरच्या दशकात कुत्र्यांच्या दंतमुळांवर, त्यांचा पृष्ठभाग क्षाररहित करण्यासाठी, तीव्र सायट्रिक अम्ल दोन-तीन मिनिटे लावून पाहिले.

याच वाटेवर टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आले. त्या कुळातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, मिसुरीतील सॅनबॉर्न फील्डच्या मातीतून वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर याला सापडले व 1948 साली जाहीर झाले. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत हे घडले, तेथील संशोधनाची मुखत्यारी आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांकडे होती, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. कॅल्शियमला चिकटण्याच्या ज्या खोडीमुळे हे औषध मुलांचे दात पिवळे करून बदनाम झाले, तीच खोडी येथे गुण ठरली: मुळावर लावलेले औषध दंतिनात टिकून हळूहळू सुटते. त्याचे द्रावण मुळातच अम्लधर्मी असल्याने चुऱ्याचा लेप विरघळतो आणि दंतनलिकांची तोंडे उघडतात. लॉर्न गोलब यांनी तर हिरडीतील कोलॅजेन तोडणाऱ्या विकराला ते आवर घालते, असेही दाखवले. 1986 साली विकेशो व टेरानोवा यांच्या प्रयोगांनी या उपचाराला शास्त्रीय आधार दिला. टेट्रासायक्लिन लावलेल्या दंतिनावर फायब्रोनेक्टिन हे पेशींना चिकटायला मदत करणारे प्रथिन अधिक बसते आणि तंतुजनक पेशीही अधिक चिकटतात, असे टेरानोवांच्या प्रयोगांत दिसले.

सूक्ष्मदर्शकाखालचे हे यश इतके देखणे होते की त्याचा मोह पडला यात नवल नाही. परंतु रोग्याच्या मुखाचा न्याय वेगळा. सायट्रिक अम्ल, टेट्रासायक्लिन आणि याच कामासाठी वापरले जाणारे इडीटीए या तिन्हींवरील अभ्यासांचे दप्तर तपासून अँजेलो मॅरिओटी यांनी 2003 साली निष्कर्ष काढला, की मुळावर ही द्रव्ये लावल्याने जुनाट हिरडीरोगाच्या रोग्याला उपचारदृष्ट्या लक्षणीय असा कोणताही अधिक लाभ होत नाही.