ट्रेसपास, एन्क्रोचमेंट की इन्फ्रिंजमेंट? नेमका फरक काय?

शेजाऱ्याने बांध कोरून तुमची दोन फूट जमीन आपल्या बाजूला घेतली, तर त्याने ‘ट्रेसपास’ केलं की ‘एन्क्रोचमेंट’? सल्ला विचारणाऱ्या पोस्टमध्ये हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. गप्पांमध्ये चालून जातं, पण तक्रारअर्जात चुकीचा शब्द पडला तर तक्रारीचा रोखच बदलतो.

ट्रेसपास म्हणजे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणे. माणूस पाच मिनिटांत निघून गेला, तरी ट्रेसपास झालंच. मुंबईत लोकलचे रूळ ओलांडणारे यातच येतात. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खासगी जागेत मात्र नुसतं शिरणं हा फौजदारी गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. त्यामुळे ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’ ही पाटी दिसते तेवढी कडक नसते.

एन्क्रोचमेंट करणारा येऊन जात नाही, ठाण मांडतो. बांध दरवर्षी थोडा सरकतो, दुकानाची शेड फुटपाथवर येते. या शब्दाच्या मुळाशी ‘हूक’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे; हूक अडकवून ओढून घ्यावं तसं. म्हणजे बांध कोरणं हे एन्क्रोचमेंट, आपल्या भाषेत अतिक्रमण.

गंमत अशी, की ‘अतिक्रमण’चा शब्दशः अर्थ होतो पाऊल पलीकडे टाकणे, आणि नेमका हाच अर्थ इंग्रजीत ‘ट्रान्सग्रेस’च्या लॅटिन मुळाचा आहे. पण ट्रान्सग्रेस जमिनीसाठी वापरत नाहीत. नियम, नीती, मर्यादा ओलांडली तर तो शब्द येतो. मराठीत ‘आगळीक’ त्याच्या बरीच जवळ जाते.

‘इन्ट्रूड’ त्या मानाने सौम्य. दोघं बोलत असताना मध्येच डोकावलात, तर ‘सॉरी टू इन्ट्रूड’ म्हणायचं.

इन्फ्रिंजमेंटमध्ये जागा नसतेच, हक्क मोडतो. लॅटिनमधलं मूळ ‘मोडणे’ या अर्थाचं, ‘फ्रॅक्चर’ही त्याच घरातला. मराठीतही आपण कॉपीराइटचा ‘भंग’च म्हणतो. रील्सखाली ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इन्टेंडेड’ लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना : या ओळीने गाणं वापरायची परवानगी मिळत नाही. ती हक्कधारकाकडूनच घ्यावी लागते किंवा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मधल्या अपवादात बसावं लागतं.