शिशाचे पेट्रोल : रेणूच्या आकारातून उभा राहिलेला प्रश्न आणि माणसाने निवडलेले उत्तर

१/ ३० ऑक्टोबर १९२४, न्यू यॉर्क. पत्रकारांसमोर थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने एका द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफ सुमारे मिनिटभर हुंगली. द्रव निर्धोक आहे, हे त्याला दाखवायचे होते. त्याच आठवड्यात त्याच द्रवाने न्यू जर्सीतील कामगारांचे बळी घेतले होते.

२/ तो द्रव म्हणजे टेट्राएथिल लेड. पुढे कित्येक दशके तो जगभरच्या पेट्रोलमध्ये मिसळला गेला. त्याची गरज का भासली, हे समजून घेण्यासाठी आधी कच्च्या तेलाचे रसायनशास्त्र पाहावे लागते. 🧵

३/ कच्चे तेल हा एकच पदार्थ नव्हे. ते असंख्य संयुगांचे मिश्रण असून त्यांतील बहुतेक हायड्रोकार्बन, म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे असतात. कार्बनचा प्रत्येक अणू चार बंध जोडतो. त्यामुळे त्याच्या सरळ शृंखला, फांद्या फुटलेल्या शृंखला आणि वलये तयार होतात.

४/ शृंखला जितकी लांब, तितका उत्कलनबिंदू सर्वसाधारणपणे जास्त. तेल शुद्धीकरणाचा पाया हाच. तापवलेल्या तेलाची वाफ उंच मनोऱ्यात सोडली की हलके घटक वर आणि जड घटक खाली वेगळे होतात. साधारण पाच ते बारा कार्बनचे रेणू पेट्रोलमध्ये जातात. त्याखाली रॉकेल आणि डिझेल मिळते, तर तळाच्या गाळातून डांबर.

५/ एकोणिसाव्या शतकात मागणी होती ती दिव्यांसाठी लागणाऱ्या रॉकेलला. पटकन पेट घेणारे पेट्रोल ही तेव्हा ब्यादच होती. मोटारगाडी आली आणि गणित उलटले. १९१३ मध्ये विल्यम बर्टन यांच्या क्रॅकिंग पद्धतीचे पेटंट मंजूर झाले. उष्णता आणि दाब देऊन लांब रेणू तोडायचे आणि त्यातून अधिक पेट्रोल मिळवायचे, अशी ही पद्धत होती.

६/ प्रमाण वाढले, तरी गुणाचा प्रश्न उरलाच. इंजिनाची शक्ती वाढवायची तर सिलिंडरमधील हवा-पेट्रोलचे मिश्रण अधिक दाबावे लागते. पण दाब वाढला की मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटे आणि इंजिनातून ठक-ठक आवाज येई. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यात शक्ती वाया जाते आणि इंजिनाची हानी होते.

७/ नॉकिंगचे मूळ रेणूच्या आकारात होते. सरळ शृंखलेचे रेणू दाबाखाली लवकर पेट घेतात. फांद्या असलेले रेणू तग धरतात. पुढे १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी यावरूनच मोजपट्टी सुचवली. सरळ शृंखलेच्या हेप्टेनला शून्य आणि फांद्यांच्या आयसोऑक्टेनला १००. पेट्रोलचा ‘ऑक्टेन क्रमांक’ येतो तो इथूनच.

८/ नॉकिंग रोखण्याचे मार्ग त्या काळीही ठाऊक होते. बेंझीन मिसळता येई. अल्कोहोल मिसळता येई आणि मिजलीने स्वतः त्याचे प्रयोग केले होते. पण ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेड त्याच्या हाती लागले. गॅलनभर पेट्रोलला सुमारे तीन ग्रॅम पुरेसे होते.

९/ अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे. शिवाय ते कोणालाही गाळता येई. त्यावर मक्तेदारी शक्य नव्हती. शिशाच्या या वापराचे मात्र पेटंट घेता येत होते. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली. उत्पादनाला नाव मिळाले ‘एथिल’. त्या नावात ‘लेड’, म्हणजे शिसे, हा शब्दच नव्हता.

१०/ शिसे विषारी असते, हे प्राचीन काळापासून ज्ञात होते. १९२३ च्या आरंभी खुद्द मिजलीला शिशाच्या विषबाधेमुळे फ्लोरिडात विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये बेवे येथील कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण दगावले आणि तीसहून अधिक आजारी पडले.

११/ मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारने परिषद बोलावली. औद्योगिक विषांच्या तज्ज्ञ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तीव्र विरोध केला. पण १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीला पुरेसा आधार नसल्याचे सांगितले. पुढचे संशोधन मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालले. द्रव सुरक्षित आहे, हे विक्रेत्याने सिद्ध करायचे नव्हते. तो घातक आहे, हे इतरांनी सिद्ध करायचे होते.

१२/ या व्यवस्थेतच दोष होता. जळालेले शिसे इंजिनात साचू नये म्हणून एथिलीन डायब्रोमाइड मिसळले जाई. शिशाचे ब्रोमाइड बने आणि धुरावाटे बाहेर पडे. इंजिन स्वच्छ राहावे, यासाठी शिसे हवेत सोडणे हीच रचना होती.

१३/ शिशाचा हा पसारा उघड झाला तो योगायोगाने. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन उल्कापाषाणातील शिशावरून पृथ्वीचे वय मोजत होते. १९५६ मध्ये त्यांनी ते सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले. या कामात बाहेरचे शिसे नमुन्यांत सतत मिसळत होते. १९६५ मध्ये त्यांनी मांडले की आधुनिक माणसाच्या शरीरातील शिसे नैसर्गिक पातळीहून कितीतरी पट अधिक आहे.

१४/ अमेरिकेत शिशाला उतरती कळा लागली ती १९७० च्या दशकात. आरोग्य हे एक कारण होते. दुसरे म्हणजे धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक शिशाने निकामी होत. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० मध्ये देशभर. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवली आणि जगातील मोटारींसाठीचे शिशाचे पेट्रोल संपले.

१५/ दरम्यान कित्येक पिढ्यांच्या मुलांनी ते शिसे श्वासातून घेतले. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा त्याचा परिणाम बहुधा भरून येत नाही. आणि १९२० च्या दशकात डावललेले अल्कोहोल? उसापासून बनलेले इथेनॉल आज भारतात पेट्रोलमध्ये मिसळले जाते.

१६/ मिजलीच्या टेबलावर एकाहून अधिक उत्तरे होती. त्यांतले कोणते निवडायचे, हे रसायनशास्त्राने ठरवले नाही. ते नफ्याने ठरवले. विज्ञानाचा इतिहास वाचताना शोध कोणी लावला, याबरोबरच कोणते पर्याय बाजूला सारले गेले आणि किंमत कोणी मोजली, हेही विचारायला हवे.