सरोवरांतून निघालेली मोटार

इटली आणि स्वित्झर्लंड या देशांच्या सीमेवर माज्जोरे नांवाचें एक मोठें सरोवर आहे. त्याच्या कांठीं, स्विस हद्दींत, अस्कोना हें गांव वसलें आहे. १२ जुलै २००९ रोजीं त्या कांठावर बघ्यांची दाटी झाली होती. सुमारें ५३ मीटर खोल पाण्यांतून १९२५ सालची एक बुगाटी मोटार वर काढली जात होती.

या जातीच्या गाड्यांना ‘ब्रेशिया’ म्हणतात. १९२१ सालीं इटलींतील त्या शहरीं झालेल्या शर्यतींत पहिले चारही क्रमांक बुगाटीच्या गाड्यांनीं पटकावले, तेव्हांपासून हें नांव पडलें. अशी मानाची गाडी तळाशीं गेली ती थकलेल्या जकातीपायीं! जकातीची रक्कम गाडीच्या किंमतीहून भारी झाली, आणि गाडी नष्ट करणें जकातखात्याला भाग पडलें. साखळदंडाला बांधून ती पाण्यांत सोडली, पुढें साखळदंड गंजून तुटला, असें सांगतात. तिचा एक धनी ती जुगारांत हरला होता, ही दुसरी कथा मात्र फार रंगतदार आहे, आणि म्हणूनच ती जपून ऐकावी. १९६७ सालीं पाणबुड्यांना गाडीचा ठाव लागला.

ती वर काढण्याचें कारण दुःखद होतें. २००८ सालीं त्याच प्रांतांतील एका तरुणाचा मारहाणींत अंत झाला. तरुणांतील हिंसा थांबविण्यासाठीं त्याच्या नांवें निघालेल्या संस्थेला पैसा मिळावा, म्हणून गाडी विकण्याचें ठरलें. जानेवारी १९१० नव्हे, २०१० मध्यें पॅरिसच्या लिलांवांत तिला २,६०,५०० युरो आले.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. गाळांत रुतलेली बाजू बरीच टिकली होती. उघड्या पाण्याकडची बाजू मात्र पार खाऊन गेली होती. ही गाडी नवी करावी काय?

जुन्या मोटारीचा सांगाडा दुरुस्त करणारा कारागीर सडलेला पत्रा कापतो आणि त्या जागीं नव्याचें ठिगळ सांधतो. आंतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीनें पोंचे काढतो. ताणलेला भाग तापवून आखडवतो. उरलेली खोली शिसें व कथील यांच्या मिश्रणानें भरतात. यांत शिसें साधारण ७० टक्के असतें, आणि हें मिश्रण १८३ अंशांवर मऊ होऊं लागलें तरी एकदम पातळ होत नाहीं. म्हणून तें लांकडी पट्टीनें लोण्यासारखें पसरवितां येतें. मग कानस चालते. हात कसलेला असेल तर सांधा दिसत नाहीं.

ठोकर खाल्लेल्या गाडीला हा उपचार योग्यच. पण या गाडीचा जीर्ण पत्रा कापीत गेल्यास उरणार काय? बुगाटीचें नांव, आणि त्याखालीं आपल्या काळची नवी गाडी. पाण्यानें सत्तरएक वर्षें केलेलें काम कानशीखालीं पुसून गेलें असतें. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें मान्य केलेल्या ट्यूरिनच्या सनदेंतही जतनाला नवीकरणाहून वरचें स्थान दिलेलें आहे.

घेणारे कॅलिफोर्नियाचे संग्राहक पीटर मुलिन यांनीं गाडीला हातोडी लावूं दिली नाहीं. ऑक्सनार्ड येथील त्यांच्या संग्रहालयांत ती खाल्लेल्या पत्र्यासह, निघाली तशीच मांडलेली होती. तें संग्रहालय २०२४ सालीं बंद झालें.