खडकीच्या चिखलातला धनराज

शिळफाट्यावरच्या पोरांच्या हातात बॅट असते, हॉकी स्टिक क्वचितच. तरी त्यांना मी हॉकीपटू धनराज पिल्लेबद्दल सांगतोच. द्रुतगती मार्ग होण्याआधी पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी बोरघाट उतरून आमच्याच फाट्यावरून जायची. पुण्यातल्या खडकीचा धनराज ऐंशीच्या दशकात नशीब काढायला मुंबईला गेला, थोरला भाऊ रमेश याच्याकडे.

वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. नवी स्टिक परवडत नसे. मोडलेल्या स्टिकला दोरी गुंडाळायची आणि टाकून दिलेल्या चेंडूवर सराव करायचा, तोही चिखलात. आमच्याकडच्या पावसात खेळलेल्याला कळेल, ओल्या मातीत चेंडू पुढे सरकतच नाही, मनगटाचा कस लागतो. त्याची ती चपळाई मला वाटतं तिथलीच.

मुंबईत महिंद्राच्या संघाने त्याला घेतलं, 1989 मध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. मग चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं, आणि लगेच धनराजसह काही ज्येष्ठांना संघातून वगळलं! मानधनाबद्दल तो उघड बोलला होता. त्या वगळण्याचा राग मला आजही येतो.

मरीन लाइन्सच्या वीज नसलेल्या घरात वाढलेला युवराज वाल्मीकीही असाच गरिबीतून वर आलेला हॉकीपटू. 2011 मध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी शूटआउटमधला निर्णायक गोल त्याचा होता.