मृत्युपत्र, प्रॉबेट आणि नाशिकचा वाडा

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा वडिलोपार्जित वाडा नाशकात, तर उपजीविकेचे बिऱ्हाड गिरगाव-दादरला, अशी स्थिती गेल्या तीन-चार पिढ्यांत होऊन बसली. त्यामुळे एकाच घराण्यातील मृत्युपत्रांस दोन गावी दोन न्याय लागत, हे पुष्कळांस घरातील कर्ता पुरुष गेल्यावरच उमगले. या विषमतेचा पूर्वेतिहास सभासद कुटुंबांस ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने हे टिपण.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी दायविभागाचा अतिसूक्ष्म विचार केला. परंतु मृत्युपत्राची कल्पना त्यांस जवळजवळ अपरिचितच होती. एकत्र कुटुंबात मृताचा हिस्सा हयात सहदायादांकडे आपोआप जाई. मग इच्छा लिहून ठेवावयाची ती कशाची? ही कल्पना रुजली ती इंग्रजी अमलात. मुंबई सरकारच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनने वारस व मृत्युपत्राचे व्यवस्थापक यांस न्यायालयाची मान्यता घेण्याची सोय केली. आपण ज्यास वारस दाखला म्हणतो, तो हाच. मात्र तो घेणे ऐच्छिक होते.

पुढे १८७० च्या हिंदू मृत्युपत्रांच्या कायद्याने मुंबई शहरापुरते प्रॉबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, आवश्यक केले. आदल्याच वर्षी स्वतंत्र जिल्हा झालेले नाशिक त्यातून वगळले गेले. येथे तर मरणोन्मुख माणसाने तोंडी सांगितलेली व्यवस्थाही मान्य होई. १ जानेवारी १९२७ पासून लेखी मृत्युपत्र व दोन साक्षीदार येथेही अनिवार्य झाले. प्रॉबेटची सक्ती मात्र आली नाही. गंमत अशी की, सही कोठे केली यावरही सारे अवलंबून असे. वाडा नाशिकचाच, पण मृत्युपत्र दादरला केले तर प्रॉबेट हवे. तेच पंचवटीत केले तर नको!

ही सवलत वाटते तितकी निर्भेळ नव्हे. मोहोर नसली म्हणजे वाद उपस्थित होताच मृत्युपत्र शाबीत करण्याचा सारा भार साक्षीदारांवर पडतो. आमच्या एका चुलत आजोबांनी आपल्याहून वयोवृद्ध अशा दोन स्नेह्यांच्या सह्या घेतल्या होत्या. आजोबांच्या आधीच दोघेही निवर्तले. मग साक्षीदाराचे हस्ताक्षर ओळखणारा मनुष्य शोधण्यात वर्षे गेली, आणि तेवढ्या अवधीत वाड्याची माडी पावसाने बसली. दोन तरुण शेजारी बोलाविले असते तर!

परदेशी गेलेले आपले तरुण विचारतात की, अमेरिकेतल्यासारखे येथे का नाही? तेथे १९८९ मध्ये मिसुरी राज्याने नवा दस्त रूढ केला. मालकाने हयातीत लाभार्थ्याचे नाव नोंदवावे, हवे तेव्हा बदलावे. मृत्यूनंतर घर न्यायालयावाचून त्याच्याकडे जाते. आपल्याकडे असा दस्त नाही. बक्षीसपत्राने मालकी तत्काळ जाते आणि सहसा परत घेता येत नाही. हयातीत राहण्याचा हक्क तेवढा राखून ठेवता येतो. तेव्हा मन बदलण्याची मुभा ठेवणारे साधन म्हणजे मृत्युपत्रच.

अखेर २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ वगळले, आणि मुंबईकरांवरील ती सक्ती संपली. साक्षीदारांचा नियम कायम आहे. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते, ही सोय फारच थोड्यांनी वापरली आहे.