पोस्टकार्ड ते व्हॉट्सॲप : निरोपाचा प्रवास

मागच्या बैठकीत एका मावशींनी मला विचारलं, "या फोनमुळं माणसं लांब गेली का गं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज जरा मागं जाऊन बघू, आपल्या घरात निरोप कसा कसा येत गेला.

आपल्या देशात पोस्टकार्ड आलं १८७९ साली, पाव आण्याला. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. कोकणातले, घाटावरचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि बायका गावी राहिल्या. संसार या दोन कागदांवर चालायचा. माझी आजी त्यांतलीच. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळींची जागा असायची. तेवढ्यात आजोबांची खुशाली. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचायचा, आजी अंगठा द्यायची. उत्तर लिहायला गुरुजी. आता सांगा, परक्या माणसासमोर नवऱ्याला मनातलं काय सांगणार? "इकडे सर्व क्षेम" एवढंच जायचं. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की मात्र वाचायच्या आधीच रडारड व्हायची. तार आली तरी तेच. ती तार २०१३ च्या जुलैमध्ये कायमची बंद झाली.

ज्यांना लिहिता येत होतं, त्यांचं सगळं गोड होतं असंही नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेल्या. गोपाळराव इकडे, पोस्टातच नोकरीला. पत्र बोटीनं जायचं, पोचायला कित्येक आठवडे लागायचे. गोपाळरावांच्या पत्रांत कठोर बोलही असायचे आणि ते आनंदीबाईंना लागायचे. पण त्यांना स्वतःच्या हातानं उत्तर देता येत होतं, आणि त्यांनी ते दिलं. म्हणजे दूर राहून मन दुखावणं काही व्हॉट्सॲपनं आणलेलं नाही.

मग आले पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ. रात्री उशिरा दर कमी, म्हणून तेव्हाच रांग लागायची. आवाज ऐकू यायचा, पण डोळे मीटरवर आणि मागच्याचे कान आपल्याकडं.

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. सुरुवातीला आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ मध्ये ते थांबले आणि मोबाइल हळूहळू गावात आला. एक मिस्ड कॉल म्हणजे "पोचले", दोन म्हणजे "फोन कर". २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि व्हॉट्सॲप घरोघरी गेलं.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी थकलेल्या हप्त्यांची यादी नावांसकट गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकली. वाटलं, काम सोपं झालं. त्यात एका ताईचं नाव होतं. त्यांच्या घरातला फोन मुलाकडं असायचा. त्यानं वाचलं, मग नवऱ्यानं, मग भावकीनं. ताई तीन महिने बैठकीला आल्या नाहीत. शेवटी मी घरी गेले. चहा दिला, पण बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "सतरंजीवर बसून बोलली असतीस, तर मी सांगितलं असतं गं, पोराच्या आजारपणात पैसे गेले."

मी माफी मागितली. त्या परत आल्या. आता हप्त्याची गोष्ट आम्ही समोरासमोरच बोलतो.

मावशी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. माणूस लांब जातो तो फोनमुळं नाही. आपला निरोप दुसऱ्याच्या हातात राहिला, किंवा समोर बसून बोलायचं आपण फोनवर उरकलं, की अंतर पडतं. आजीचं पत्र पोस्टमनच्या हातात होतं, ताईंचा फोन मुलाच्या. शंभर वर्षांत साधन बदललं, ही गोष्ट बदलायची राहिली.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करू. ज्यांना फोनवर स्वतः वाचता, लिहिता येत नाही, त्यांना शेजारच्या मैत्रिणीनं शिकवायचं. आणि बैठक चालू असेपर्यंत सगळ्यांचे फोन पिशवीत, माझा सगळ्यात आधी.